सहभागी क्रमांक तीन

कागदावर अकरा माणसं होती. पाच चौकोन, सहा वर्तुळं. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई. त्यांतल्या तीन आकृत्यांवर फुली होती, कारण ती माणसं हयात नव्हती. माणसांना जोडणाऱ्या रेघा सतरा. सोळा सलग. सतरावी, आई आणि मावशी यांच्यामधली, मधोमध दोन तिरक्या रेघांनी छेदलेली होती. संबंध तुटले, असा त्या खुणेचा अर्थ.

हा चिंगीचा कौटुंबिक आलेख. घरी तिला चिंगी म्हणत आणि वर्गात मोजणीबाई, कारण रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती समाजकार्य शिकायला आली होती आणि 'बरेच लोक' असं कुणी म्हटलं की 'म्हणजे किती?' असं विचारल्यावाचून तिला राहवत नसे. दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी विद्यार्थ्याने आपलं घर कागदावर मांडायचं, हा विद्यापीठातल्या त्या विभागाचा शिरस्ता होता. ते झाल्याशिवाय प्रात्यक्षिकाला, म्हणजे खऱ्याखुऱ्या कुटुंबांना भेटायला सोडत नसत.

विभागात शिकवणाऱ्या मॅडमनी आलेख डोळ्यांजवळ धरला. "ही तुटलेली रेघ कुणी सांगितली?"

"आईने."

"आणि मावशीने काय सांगितलं?"

"ती आमच्याशी बोलत नाही. सहा वर्षं झाली."

"तू गेली होतीस विचारायला?"

चिंगीने नकारार्थी मान हलवली.

"प्रयोगशाळेत एकच वाचन घेऊन निष्कर्ष लिहायचीस का गं?" मॅडमनी कागद तिच्या हातात परत दिला. "जा, दुसरं घेऊन ये. रीतसर, संमतीपत्रासकट."

चिंगीने तोंड पाडलं खरं, पण आतून तिला हायसं वाटलं. सहा वर्षं ती असंच काहीतरी निमित्त शोधत होती.

दहाव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत ती मावशीकडे वाढली. आई नर्स, नोकरी दुसऱ्या गावी, पाळ्या रात्रीच्या. मग आईची बदली इथेच, मावशीच्या गावी झाली आणि ती लेकीला न्यायला आली. मावशी म्हणाली, परीक्षा होईपर्यंत राहू दे. शब्दाने शब्द वाढला. 'माझी पोर बळकावायची आहे तुला,' इथपर्यंत आई गेली. शेवटी दोघी तिच्याकडे वळल्या. तूच सांग, कुणाकडे राहायचंय? चिंगी जमिनीकडे बघत म्हणाली, "आईकडे." मावशीने दार लावून घेतलं. ते दार चिंगीच्या घरापासून चालत बावीस मिनिटांवर होतं.

रविवारी दुपारी, मुलाखतीसाठी घेतलेला कोट घालून, ती त्या दारासमोर उभी राहिली. 'कपडे दुरुस्त करून मिळतील' ही पाटी नवीन होती. येताना वाटेत तिने वाक्य घोकलं होतं: मावशी, मला तुझी फार आठवण येते. एवढंच. मग बाकीचं.

मावशीने दार उघडलं तेव्हा तिच्या ओठांत तीन टाचण्या होत्या. एकेक काढून तिने मनगटाला बांधलेल्या छोट्या उशीत खोचली. तिसरीला जरा वेळ लागला.

"कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग लग्न ठरलं?"

"नाही गं मावशी. अभ्यासाचं काम आहे."

"अस्सं. अभ्यासाचं." मावशी बाजूला झाली. "ये. बघून बस, सुया असतील."

मशीनच्या तेलाचा, गरम इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा वास आला आणि चिंगीचं घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. हात आपसूक पिशवीत शिरला, संमतीपत्र बाहेर आलं आणि ती विभागातल्या आवाजात वाचू लागली, "या मुलाखतीसाठी आपण वेळ दिल्याबद्दल आपले आभार. आपली माहिती गोपनीय..."

"आपण?" मावशी म्हणाली. "नाक पुसलंय मी तुझं."

चिंगीचे कान लाल झाले. मावशीने कागद ओढून घेतला, चष्मा लावला. "सहभागी क्रमांक तीन. एक आणि दोन कोण?"

"एक आई. दोन मामा."

"मामा? तो 'हं'च्या पुढे गेला का?"

"चार मिनिटांत आटोपलं."

"चार? बराच बोलला म्हणायचा." मग ती पुढचं मोठ्याने वाचू लागली. "'सहभागी व्यक्तीला कोणतंही कारण न देता कधीही माघार घेता येईल.'" तिने ते पुन्हा एकदा मनात वाचलं. "बरं आहे हे. आमच्या वेळी असं कुणी लिहून दिलं नव्हतं. आणि यात मी कुठे?"

चिंगीने आलेखावर बोट ठेवलं.

"हा गोल? जाडी झाले म्हणून?"

"सगळ्या बायका गोलच असतात."

"ते एक खरं." मावशीचं बोट रेघेवरून सरकत गेलं आणि मधोमध थांबलं. "हे काय?"

"म्हणजे... संबंध तुटले."

"कुणी काढलं?"

"मी."

"पेनाने?"

"पेनाने."

मावशीने त्या दोन तिरक्या रेघा नखाने खरवडून पाहिल्या. "मी दार का लावलं, ते विचारणार आहेस, की त्याचंही उत्तर छापून आणलंयस?"

त्यासाठी पिशवीतल्या प्रश्नावलीत सातवा प्रश्न होता. चिंगीने तो काढला नाही. "का लावलंस?"

"मला रडू येत होतं. तुला ते दिसलं असतं तर तू शब्द फिरवला असतास. मऊ होतीस तू. मग माझ्या बहिणीला तिची पोर कधी मिळाली असती?"

"मग नंतर का नाही बोलावलंस?"

"आपण होऊन येशील म्हणून."

"मी तुझ्या निरोपाची वाट बघत होते."

"घ्या! दोघी शहाण्या." मावशीने चष्मा काढून पदराला नाही, मशीनवरच्या कापडालाच पुसला. गिऱ्हाइकाची पँट होती ती.

"मला रोज यावंसं वाटायचं," चिंगी म्हणाली. "रोज, मावशी."

मावशीने मान हलवली. पेन उचललं, मग थबकली. "सही केली की हे सगळं तुझ्या शिकवणाऱ्या बाई वाचणार?"

"हो."

"मग मी माघार घेते. कारण विचारायचं नाही ना?"

"नाही."

"आणि तुझं काय होईल?"

"आलेख अपुरा राहील. प्रात्यक्षिक सहा महिने पुढे जाईल."

"चालेल तुला?"

चिंगीने संमतीपत्र दुमडून पिशवीत टाकलं. "चालेल."

मावशी तिच्याकडे बघत होती. तोंडाकडे नव्हे, मनगटांकडे. "हा कोट कुठला?"

"विकतचा."

"दिसतंय. बाह्या बघ, कुणाच्या आहेत कुणास ठाऊक. काढ तो आणि उभी राहा. पोट आत ओढू नकोस, मला फसवतेस?"

गळ्यातली टेप तिने चिंगीच्या पाठीवर धरली. थंडगार होती. खांद्याच्या हाडाशी तिचं बोट लागलं आणि तिथेच राहिलं. मशीनवरची वही तिने डाव्या हाताने ओढली, कोरं पान काढलं, आणि एकेक आकडा मोठ्याने म्हणत लिहू लागली.

खांदा साडेचौदा इंच, बाही साडेबावीस, छाती चौतीस, कोटाची उंची सव्वीस.