उंच पेला आणि ताईचा मोठेपणा

मी एक जुना, बुटका पेला आहे. हो, बुटका! हसा बिनधास्त, मला सवय आहे. कारखान्यात पत्र्याच्या गोल चकतीवर यंत्राने एक जबरदस्त दाब दिला आणि मी जन्मलो, तो असाच बसका आणि ऐसपैस. दुकानात माझ्या शेजारी एक उंच, सडपातळ पेला होता. आईने आम्हा दोघांनाही घरी आणलं. आई दवाखान्यात परिचारिका होती, आणि घरात होती रांगणारी ताई.

मित्रांनो, त्या बाळाने मला किती आपटलं म्हणून सांगू! टेबलावरून ढकलायची, खणकन आवाज आला की खुदकन हसायची, आणि आईने उचलून दिलं की पुन्हा ढकलायची. मी जाम चिडायचो. मग लक्षात आलं, की ही खोडी नव्हे. प्रत्येक वेळी पेला खालीच जातो का, हे ती पाहत होती! आई चेंडूवर मला पालथं घाली, तेव्हा तिच्या लेखी चेंडू जगातूनच गेलेला असे. एक दिवस मात्र तिने इवल्या हातांनी मला उचललं. न दिसणारी वस्तूही असते, हे तिला कळलं होतं. कुणी शिकवलं तिला? कुणीच नाही! मी थक्क झालो.

ताईच्या मागून वर्षभरात धाकटा भाऊ आला. सतत गुणगुणायचा, म्हणून तो भुंगा. तो चार वर्षांचा असताना, एकदा आईने आम्हा दोघा पेल्यांत संत्र्याचा रस काठोकाठ भरला आणि ती घाईने कामावर गेली. आता गंमत ऐका. रस माझ्यात जास्त मावतो, पण त्या वयात डोळ्यांना फक्त उंची दिसते. पाच वर्षांच्या ताईने उंच पेल्याकडे पाहून ओठांवरून जीभ फिरवली. मग तो भुंग्यापुढे सरकवला.

"तू घे मोठा. तू लहान आहेस ना," ती म्हणाली, आणि हिरमुसून मला तोंडाला लावलं. तेव्हापासून उंच पेला भुंग्याचा, मी ताईचा. पुढे कुणी त्यावर विचारच केला नाही.

भुंगा सात वर्षांचा झाला. एकदा मोरीत पाण्याशी खेळताना त्याने भरलेला उंच पेला माझ्यात ओतला. मी भरलो नाही. मग मला काठोकाठ भरून उंच पेल्यात ओतलं, तर पाणी बाहेर सांडलं. तो गुणगुणायचा थांबला. पुन्हा ओतलं, पुन्हा तेच! अहाहा, काय ते डोळे चमकले! त्या चिमुकल्या डोक्यात एक दार उघडताना मी अगदी जवळून पाहिलं.

आणि पुढच्याच क्षणी तो ओरडला, "ताई, तू लबाड आहेस! जास्तीचं तू घेतेस!"

"मला खरंच माहीत नव्हतं रे," ताई रडकुंडीला आली.

"एवढं साधं माहीत नव्हतं? चल, काहीतरीच!"

कालपरवापर्यंत आपणही फसत होतो, हे तो साफ विसरला होता. नवं कळलं, की मुलांना जुनं न कळणं आठवतच नाही. लबाड हे नाव ताईला चिकटलं ते चिकटलंच. खाऊ वाटायला ती पुढे आली, की तो म्हणे, "तू नको, मी वाटतो." तो हसत म्हणायचा, पण ताईचा चेहरा उतरायचा. मला सगळं ठाऊक होतं, आणि एक शब्द बोलता येत नव्हता. जीव तुटायचा हो माझा!

भुंगा चौदा वर्षांचा असताना वरच्या मजल्यावरच्या शिंप्याची चिमुरडी पाणी मागायला आली.

"मला उंच पेला! त्यात जास्त असतं."

भुंग्याने मला भरून, तिच्यासमोर उंच पेल्यात ओतलं. तो भरला, तरी माझ्यात पाणी उरलं. चिमुरडी मात्र ठाम. "उंचातच जास्त!"

भुंगा खो खो हसला आणि मधेच थांबला. मला फिरवून फिरवून पाहू लागला. इतक्या वर्षांपूर्वीच्या, दुसऱ्याच्या डोक्यात शिरून तो पाहत होता, पाच वर्षांच्या मुलीला तेव्हा काय दिसलं असेल ते! माणसाच्या लेकराला हे जमतं, मित्रांनो. मला अजून नवल वाटतं.

तो तसाच मला हातात घेऊन ताईच्या खोलीत गेला.

"ताई, लहानपणी तुलाही उंचातच जास्त वाटायचं ना?"

"वाटत असेल. मला कुठे आठवतंय आता?" ती वहीतून मान वर न करता म्हणाली.

"मग तू तुझ्या मते मला जास्तीचं दिलं होतंस. तुला स्वतःला हवं असताना."

ताईचं पेन थांबलं. "आणि तू इतकी वर्षं मला लबाड म्हणत आलास."

"चुकलं माझं," भुंगा म्हणाला, आणि मुलगा असून हमसून हमसून रडला. ताईने त्याला जवळ घेतलं. "वेडा रे वेडा," एवढंच म्हणत राहिली.

मित्रांनो, माझ्या अंगावर आता पोचे आहेत, चमकही गेली आहे. त्याचं मला काही नाही. पण कुणा लहानग्याला लबाड म्हणण्याआधी त्याला काय दिसतंय ते विचारा. मला बोलता येत असतं, तर ताईची ती सात वर्षं मी वाचवली असती. तुम्हाला तर बोलता येतं!