चढ जरा जड जातोय

माझ्या दुकानात सायकल घेऊन येणारा प्रत्येक माणूस आधी खोटं बोलतो. "मी काही केलं नाही हो, चाक आपोआप वाकलं." आपोआप! चाकाला काय वेड लागलंय? तीस वर्षं हे ऐकून ऐकून माझ्या नाकावर राग कायमचा राहायला आलाय. कोण काय लपवतंय ते मला हँडल हातात घेतलं की कळतं, असा माझा तोरा होता. पण सख्खा दादा चार वेळा माझ्यासमोर खोटं बोलला आणि मला पत्ता लागला नाही.

दादाची सायकल जुनी, बारीक टायरची, वाकड्या हँडलची. तरुणपणी रेसमध्ये पळवायची म्हणून घेतलेली. मागे सात चक्र्या, त्यातली सगळ्यात मोठी तेवीस दात्यांची. मागच्या चक्रीला दाते जेवढे जास्त, तेवढा चढावर पेडल हलका, एवढं समजलं की झालं. तेवीस म्हणजे चांगलंच जड काम. दर रविवारी दादा त्या तेवीसवर टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायचा आणि खाली येऊन माझ्याच स्टुलावर बसून फुशारक्या मारायचा.

मग एकदा म्हणाला, "चढ जरा जड जातोय रे. झोप झाली नाही नीट, त्यामुळे असेल."

"झोप कसली, म्हातारा झालास!" मी म्हणालो आणि सव्वीसची लावून दिली. सहा महिन्यांनी पुन्हा आला. या वेळी वारा समोरून होता म्हणे. अठ्ठावीसची लावली. चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या जुन्या डिरेलरला ती झेपेना, म्हणून लांब हाताचा डिरेलर शोधून आणला. त्यानंतर पुढची चक्री बदलून एकोणचाळीसची चौतीस केली (पुढे उलटं असतं, दाते कमी तेवढा पेडल हलका), आणि शेवटी मागे बत्तीस. प्रत्येक वेळी मी त्याची यथेच्छ टिंगल केली. प्रत्येक वेळी काम इतकं फक्कड झालं की मीच माझ्यावर खूश. चेन कशी लोण्यासारखी सरकायची! दादा दुकानासमोर एक फेरी मारून यायचा, अंगठा दाखवायचा आणि स्टुलावर बसायचा. दर खेपेला आधीपेक्षा जास्त वेळ बसायचा. मला वाटायचं, गप्पा मारायला बसतोय.

बत्तीसची लावल्यावर दोन महिन्यांनी तो घराच्या जिन्यात गेला. सायकलवर नाही, चढावर नाही. हातात किल्ल्या होत्या, दुसऱ्या मजल्यावर पोचलाच नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा स्नायू जाड झाला होता, बरेच दिवस दम लागत असणार. घराण्यात असू शकतं, सगळ्यांनी तपासून घ्या. मी घेतलं, माझं ठणठणीत निघालं. पुतणीने "घेते, घेते" म्हणत टाळलं आणि मीही तिच्यामागे लागलो नाही. चोवीस वर्षांची पोर, दिवसभर घरात इकडून तिकडे पळणारी, म्हणून तर आम्ही तिला भिंगरी म्हणतो. तिला काय होणार?

वहिनी मात्र येईल त्याला एकच सांगायची. "ह्यांनी कधी एका शब्दाने सांगितलं नाही हो. सांगितलं असतं तर मी उचलून नेलं असतं." मी शेजारी बसलेला असायचो. मान खाली घालायचो. सांगितलं होतं, वहिनी. मला सांगितलं होतं, चार वेळा. हे वाक्य अकरा महिने माझ्या घशात अडकून होतं आणि बाहेर काढायची माझी छाती होत नव्हती.

परवा दुपारी भिंगरी दादाची सायकल ढकलत दुकानात आली. "काका, बाबांना वर्ष होतंय. त्या दिवशी मी हिच्यावरून टाकीपर्यंत जाणार आहे. एकदम टकाटक करून दे."

मी सायकल स्टँडवर चढवली. तिची नजर भिंतीवर गेली. तिथे एका खिळ्यावर दादाच्या सायकलीच्या काढलेल्या चक्र्या टांगलेल्या आहेत. गिऱ्हाइकांचं जुनं सामान मी भंगारात देतो, पण दादाचं ठेवलं होतं. एखाद दिवशी त्याच्यासमोर ओळीने मांडून चिडवायचं, म्हणून ठेवलं होतं.

"ह्या सगळ्या बाबांच्या?"

मी त्या काउंटरवर काढून ठेवल्या. तेवीस, सव्वीस, अठ्ठावीस आणि पुढची एकोणचाळीस. ती प्रत्येकीवरून बोट फिरवत विचारत गेली आणि मी गमतीगमतीत सांगत गेलो. ही झोपेची, ही वाऱ्याची. ती हसली. मीही हसलो, लाज नाही मला.

"मग तुला कुठली लावू?" मी विचारलं. "तुझं वय बघता अठ्ठावीससुद्धा पुष्कळ झाली. बत्तीस म्हणजे तुझ्यासाठी झोपाळाच."

"छे! उलट हिच्याहून मोठी मिळते का बघ ना. काल मी ट्रायल घेतली, ह्याच बत्तीसवर. अर्ध्यात उतरावं लागलं. चढ जरा जड जातोय. सवय नाही ना, त्यामुळे असेल."

"मिळते की," मी म्हणालो. "चौतीसची मिळते. चेन दोन कड्यांनी वाढवली की—"

आणि मी तिथेच थांबलो. हातात चेन कापायचं हत्यार होतं. ते मी कधी उचललं, मलाच आठवत नव्हतं.

"उतरल्यावर काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही रे. बसले थोडा वेळ. धडधडत होतं, डोळ्यांपुढे जरा अंधारी आली. तू असा काय बघतोयस?"

"जिना चढताना?"

ती चक्रीशी चाळा करत राहिली.

मी हत्यार खाली ठेवलं, हात फडक्याला पुसले आणि भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं. "अरे, पण सायकल?" ती ओरडली. "मरू दे सायकल!" मी म्हणालो. तिला रिक्षात बसवलं. वाटेत ती चिडली, मग हसली. तिचा हात मी सोडला नाही.

छातीला तारा लावून झाल्या, मग मशीनवर हृदयाचं चित्र काढून झालं. डॉक्टरबाई बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या. वडिलांना होतं तेच. औषधं सुरू करायची, पुढच्या तपासण्या करायच्या, सायकल, धावणं, चढ सगळं बंद. मग चष्मा काढून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "बरं झालं, वेळेवर आणलंत."

मला तिथे रडू कोसळलं. बाईंना वाटलं पोरीसाठी रडतोय. पोरीसाठी होतंच, पण 'वेळेवर' हा शब्द मला सहन झाला नाही.

बाहेर बाकावर भिंगरीने मला पाणी दिलं. आजारी ती आणि पाणी मला. म्हणाली, "काका, पुरे ना. बाबांनी जर तुला सांगितलं असतं, तर त्यांनाही तू असाच ओढत आणलं असतंस."

तिने मला धीर द्यायला म्हटलं होतं. मान हलवली असती तर सुटलो असतो.

"नाही गं, बाळा," मी तिचा हात धरून म्हणालो. "तो चार वेळा आला होता माझ्याकडे. तुझ्यासारखंच बोलला होता, अगदी याच शब्दांत. आणि चारही वेळा मी गिअर हलके करून त्याला परत चढावर पाठवला."

तिने माझ्या हातातून हात काढून घेतला. फाइल मांडीवर सरळ ठेवली, उलट केली, पुन्हा सरळ केली. समोरून लोक येत होते, जात होते. मी म्हणालो, काहीतरी बोल, शिव्या दे हवं तर.

ती उठली, फाइल माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "चल घरी. माझं मी आईला सांगते. हे मात्र तू सांग."