किमचीच्या फ्रिजमधली अळकुडी

मित्रांनो, मी एक जुनी, सुरकुतलेली अळकुडी आहे. अंगावर केस, केसांत माती. मला पाहून कुणी 'वा!' म्हटल्याचं आठवत नाही. पण माझी पानं? हत्तीच्या कानाएवढी!

कोरियातल्या सोमजिन नदीकाठी ओक्बुनआजींची बाग आहे. माझं बियाणं त्यांनी लग्नाच्या वेळी माहेराहून गाठोड्यात बांधून आणलं. चुसोकच्या, म्हणजे सुगीच्या सणाला आमचा रस्सा चाखला, की आजी दरवर्षी म्हणतात, "आईच्या हातची चव आली." आईची दुसरी वस्तू त्यांच्याकडे उरलेली नाही.

आम्ही उन्हाळ्याचे जीव. दव गोठायच्या आत आजी आम्हाला उपटतात, मातीसकट वाळवतात आणि भाताच्या तुसात निजवतात. त्या वर्षी मात्र लेकीचं बाळंतपण आलं. लेकीच्या गावी, बुसानला निघताना त्यांनी मान्सोपआजोबांना बजावलं, "अहो, तुसात घाला आणि मागच्या खोलीत ठेवा. एवढंच. स्वतःचं डोकं चालवू नका."

"अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" आजोबा म्हणाले. आजींची बस वळते न वळते तोच त्यांनी डोकं चालवलं.

लेकानं नुकताच किमचीचा, म्हणजे आंबवलेल्या तिखट भाज्या ठेवायचा, नवाकोरा फ्रिज पाठवला होता. आजोबांना त्याचं कोण कौतुक! "यात कोबी सहा महिने टिकतो, तुम्ही तर दगड!" असं म्हणत त्यांनी आम्हा चाळीसजणींना मुळ्याच्या किमचीशेजारी कोंबलं. हेतू वाईट नव्हता हो. पण किमचीला मानवणारी थंडी आमच्या जिवावर उठते. एकेक बहीण आतून मऊ पडत गेली. मी अगदी वर, झाकणाजवळ होते. आजोबा दिवसातून दहादा झाकण उघडून कौतुकानं बघायचे, तेवढीच मला ऊब मिळायची.

महिन्याभरानं वास सुटला. आजोबांनी सुरी घेऊन एकेकीला कापून पाहिलं. सगळ्या काळ्या. मला कापणार, तोच आजींचा व्हिडिओ कॉल आला.

"बघा, नाक तुमच्यावरच गेलंय बाळाचं," म्हणता म्हणता आजी थबकल्या. "अहो, हात का खाजवताय?"

"थंडी आहे ना."

"थंडीनं खाज? जन्मभर अळकुड्या सोलतेय मी. काय केलंत?"

आजोबांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. पलीकडे आजींनी कुरकुरणारं बाळ लेकीच्या हाती दिलं.

"आईचं बियाणं होतं हो ते," आजी म्हणाल्या. "किती उरल्या?"

"एक."

"जपा तिला."

आणि आजोबांनी जपलं! तुसानं भरलेलं खोकं, त्यावर स्वतःचा स्वेटर, हिवाळ्यात घरात खालून तापवतात त्या जमिनीपासून दूर, मागच्या खोलीत. रोज सकाळी विचारायचे, "आहेस ना गं?" मला बोलता येत नव्हतं. वसंतात मी कोंब काढला तेव्हा हा म्हातारा एकटाच बसून रडला.

आजींनी येऊन मला लावलं. यंदा रस्सा नको, बियाणं वाढू दे, असं आजोबा स्वतःच म्हणाले. शरदात मला उपटलं तेव्हा मी पार चिपाड झाले होते. पण माझ्याभोवती तेरा लेकी बिलगल्या होत्या. आजींनी आम्हाला टोपलीत भरलं, क्षणभर थांबल्या आणि टोपली आजोबांच्याच हातात दिली.

"ठेवा."

आजोबांना जागा ठाऊक होती. तरी त्यांनी विचारलं, "कुठे ठेवू?"

मित्रांनो, कुणालाही जपायला घ्याल, तेव्हा आधी एवढं विचारा.