ब्रेकची हवा

एकोणीसशे चौऱ्याऐंशी साल. शेडमध्ये धाकटा भाऊ सकाळपासून गंजक्या बोल्टांशी झटत होता. दुसऱ्या दिवशी बोटीसकट तो तलावापलीकडे कायमचा राहायला जाणार होता. बोट वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या पुढच्या टोकाची ब्रेकची पेटी पार गेली होती. जीप थांबली की मागची बोट पुढे रेटते, त्या रेट्यानं पेटीतला दट्ट्या दाबला जातो आणि ट्रेलरच्या चाकांना आपोआप ब्रेक लागतो. पेटी नीट नसेल, तर तलावाच्या धक्क्याच्या उतारावर बोट जीपला घेऊन पाण्यात जायची.

थोरली बहीण शेडच्याच खिडकीपाशी शिवण घेऊन बसली होती. टाका एकही पडला नव्हता. वडील गेले तेव्हा हा बोट घेऊन लांब गेलेला. परतला, तशी चारचौघांत ती बोलून गेली, "आता कशाला आलास?" तेव्हापासून अबोला. एका घरात राहून शेजारच्या मावशींकरवी निरोप.

"मावशी, सांगा त्याला, जेवण झाकून ठेवलंय."

"अगं, तो तुझ्यासमोर उभा आहे! मी काय पोस्टमन आहे?"

जाण्याआधी त्यानं एकदा तरी आपल्याशी बोलावं, एवढंच तिला हवं होतं.

दुपारी नवी पेटी बसली. उरलं ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांमधली हवा काढायचं काम. ते एकट्याचं नव्हे. एकानं पुढे पहारीनं दट्ट्या दाबायचा, दुसऱ्यानं मागे चाकाचा स्क्रू उघडून तेलाबरोबर हवा बाटलीत सोडायची. धाकटा मावशींना घेऊन आला.

"मी खाली बसले तर उठवायला क्रेन आणावी लागेल," मावशी म्हणाल्या. "तुझ्या वडिलांबरोबर हे काम कोण करायचं? बोलव तिला." आणि त्या चालत्या झाल्या.

त्यानं बोलावलं नाही. थोरलीच उठली, पदर खोचून पेटीपुढे बसली आणि पहार हातात घेतली. मध्ये बोट. पलीकडचं काही दिसत नव्हतं. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे बोटीच्या पोटावर हलत होते, जणू ती पाण्यातच होती.

"दाब," मागून आवाज आला.

दोन वर्षांनी. तिनं दाबलं.

"धर."

स्क्रू उघडला. हाताखालचा दट्ट्या लोण्यासारखा आत गेला.

"बंद केला. सोड."

पुन्हा दाब, पुन्हा धर. त्याचा आवाज वडिलांसारखा झाला होता, तिला ठाऊकच नव्हतं. ऊन सरकत गेलं. मागच्या बाटलीतले बुडबुडे विरळ होत असतील, मग संपतील, मग तो हात पुसून उठेल. 'धर' म्हटल्यावर हात उचलला की नळी उलटी हवा ओढते, केलेलं सगळं पाण्यात. हे वडिलांनी तिच्या मनावर बिंबवलं होतं. तिनं हात उचलला.

"अजून हवा येतेय," तो पुटपुटला. "दाब."

असं कितीदा झालं कोण जाणे.

"ताई."

तिचे हात पहारीवर थांबले.

"तू आधीच सोडतेयस."

"हो."

"का?"

"तू बोलतोयस म्हणून."

मागे पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. मग तो हसला, की त्यानं नाक ओढलं, तिला कळलं नाही.

"उतार मोठा आहे गं, ताई. आता नीट धर. मी बोलतो."

आणि तो बोलत राहिला. पलीकडच्या घराबद्दल, तिथल्या विहिरीबद्दल, वडील गेले त्या दिवशी इंजिन कसं बंद पडलं त्याबद्दल. तिनं दट्ट्या घट्ट धरून ठेवला. हवा संपली आणि दट्ट्या दगडासारखा कडक झाला.

दुसऱ्या दिवशी ट्रेलरनं उतारावर दगा दिला नाही. मावशी पुढे लेकीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. धाकट्यानं पलीकडे संसार केला, अधूनमधून येत राहिला, आणि एका हिवाळ्यात झोपेतच गेला. म्हाताऱ्या थोरलीला आता ऐकू येत नाही. संध्याकाळी ती धक्क्यावर बसते. कुणी बोट उतरवायला आलं, की त्यांच्या ओठांकडे बघते. ओठ हलतात, आणि बोट आवाज न करता पाण्यात उतरते.