लांगिलांगीआत्याचा नकार

पिसिलाने चपला दाराबाहेर काढल्या, मानाच्या प्रसंगी कमरेभोवती नेसायची चटई आवळून घेतली आणि पिठाच्या पोत्यांमधून वाट काढत ती दोघांच्या बरोबर मध्ये जाऊन बसली. एका बाजूला दुकानाचा चिनी मालक यान, खुर्चीत गुडघे जुळवून, चहाची किटली धरून. दुसऱ्या बाजूला, खाली चटईवर, लांगिलांगीआत्या. तिच्या मागे तिचा भाऊ खाली मान घालून बसला होता. खरं तर लग्नाचा मुलगा त्याचा, पण थोरल्या बहिणीपुढे तो तोंड उघडणार नव्हता.

"मी बोलेन ते जसंच्या तसं सांगायचं, पोरी," आत्या म्हणाली. "तुझं तिखटमीठ नको."

"नाही घालणार, आत्या."

यानने दारातच तिला हेच बजावलं होतं, फक्त चिनीत.

यानची मुलगी लीचून आणि आत्याचा भाचा फेलेती यांना लग्न करायचं होतं. फेलेती टोंगातल्या नेइआफू बंदराच्या धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. दोघांनाही एकमेकांची भाषा येत होती, पण स्वतःच्याच मागणीत दुभाषी कसं व्हायचं? म्हणून ती दोघं बाहेर नीरफणसाखाली ताटकळत होती, आणि शेजारच्या पिसिलाला बोलावणं गेलं होतं. चार वर्षं चीनमध्ये, तिएनजिनला शिकून आलेली सगळ्या वावाऊ बेटांवर ती एकटीच.

पण ती काम करायची त्या ऑफिसात तिचं शिक्षण वायाच जात होतं. चिनी कागद आधी इंग्रजीत व्हायचा, मग इंग्रजीतून टोंगनमध्ये. दोन भाषांना समोरासमोर बसवायची संधी तिला आजवर कुणी दिली नव्हती.

"या बाई मुलाच्या कोण?" यानने विचारलं.

"गूगू," पिसिला म्हणाली.

"वडिलांची बहीण! मग त्यांना आधी चहा." यानने दोन्ही हातांनी कप पुढे केला.

पिसिलाला हसू आवरेना. ऑफिसात इथे 'आंट' आली असती, मग मावशी की काकू की मामी यावर दहा मिनिटं गेली असती. इकडे आत्याला एक शब्द, तिकडेही एक, आणि दोन्हीकडे आत्याचा दरारा तेवढाच.

यानने घसा साफ केला. "माझी मुलगी मंद आहे. हाताला चव नाही. तुमच्यासारख्यांच्या घरात ती काय शोभणार?"

पिसिलाने सांगितलं. टोंगन वाक्य अगदी अलगद जाग्यावर बसलं. आत्याने मान डोलावली.

"आमचा फेलेती तर निव्वळ ऐदी. त्याला मुलगी द्यायला कोण धजेल?"

हेही चिनीत जसंच्या तसं उतरलं. यानचा चेहरा खुलला. त्याने लगेच आपलं दुकान किती भिकार आहे ते सांगितलं. आत्याने आपण भेट म्हणून आणलेली चटई किती जाडीभरडी आहे ते सांगितलं. प्रत्यक्षात ती रेशमासारखी होती. दोघं चढाओढीने स्वतःला खाली खेचत होते आणि पिसिला मध्ये चेंडूसारखी उसळत होती. पुढचं वाक्य येण्याआधीच ते तिला दिसू लागलं होतं. तिचे कान लाल झाले होते.

मग यान म्हणाला, "लग्न तिएनजिनला होईल. माझी आई ऐंशीच्या पुढची आहे. तिला नातीचं लग्न डोळ्यांनी बघायचंय."

आत्याने कप खाली ठेवला.

"आमच्या घरातलं लग्न आमच्या चर्चमध्ये होतं."

"आमच्यात घरच्या थोरांसमोर होतं."

"आमची माणसं तिकडे समुद्रापार कशी नेणार? अख्खं गाव?"

"आमची म्हातारी इकडे कशी आणणार?"

वाक्यं आता आखूड झाली होती. आमचं, आमचं, आमचं. पिसिला प्रत्येक वेळी नेमका शब्द उचलत होती. टोंगनमध्ये मौतोलू, म्हणजे आम्ही, समोरच्याला बाहेर ठेवून. आणि तौतोलू, म्हणजे आपण, समोरच्याला आत घेऊन. यानच्या गावाकडेही तसंच: वोमन म्हणजे आम्ही, त्सानमन म्हणजे आपण. इंग्रजीतला तो एकटा 'वी' इथे काय कामाचा होता! पण ज्या 'आपण'साठी ती आसुसली होती तो काही येत नव्हता. दोघंही आपापल्या कुंपणाआडून बोलत होते.

आत्याने यानकडे बघितलं. मग एकदम तिचा आवाज चढला.

"नाही! मुळीच नाही! हे असं लग्न मी होऊ देणार नाही!"

यान पंधरा वर्षं गल्ल्यावर बसला होता. त्याला टोंगन फारसं येत नसलं, तरी 'नाही' दिवसातून शंभरदा कानावर पडत असे. तो उभा राहिला. किटली उचलून त्याने कपाटावर ठेवली आणि पाहुण्यांसाठी दार उघडायला वळला.

आत्या बोलतच होती. "आजीशिवाय इकडेच उरकायचं? आपली म्हातारी तिकडे एकटी खिडकीत बसणार, आणि आपण इकडे डुक्कर भाजून जेवणार? लोक आपल्याला काय म्हणतील? ती आल्याशिवाय आपण चर्चची पायरी चढायची नाही. सांग त्याला!"

तौतोलू! आत्या 'आपण' म्हणाली होती. पिसिलाने आत्याच्या भावाकडे पाहिलं. त्याची मान वर आली होती. म्हणजे तिने ऐकलं ते बरोबर होतं.

"काका, थांबा!" ती चिनीत ओरडली. "अजून वाक्य संपलेलं नाही!"

यानचा हात कडीवर थबकला.

तिने सांगितलं. आधी तिन्ही नकार, आत्याच्याच आवाजात, जराही मऊ न करता. मग म्हातारी. तिथे ती म्हणाली, त्सानमन. आपली म्हातारी. आपण. आपल्याला.

यानने कडी सोडली.

"हे तू म्हणतेस की त्या?" त्याने हळूच विचारलं.

"त्या. मी काहीही घातलेलं नाही."

तो परत येऊन बसला. खुर्चीवर नाही, खाली चटईवर, आत्यासमोर. खिशातून फोन काढला, तो उलटासुलटा केला आणि एकदम भरभर बोलू लागला. आईला विमानात बसवायचं की नाही ते डॉक्टरांना विचारायला हवं. ऑकलंडला उतरवून घ्यायला कुणीतरी लागेल. तिला विमानात मळमळतं, खिडकीची जागा घ्यावी का?

पिसिला त्याच्या पाठोपाठ धावत सगळं टोंगनमध्ये सांगत गेली. आत्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मी तीनदा नाही म्हणाले, ते सांगितलंस ना?"

"हो आत्या. तेही सांगितलं."

आत्याने कमरेची चटई सारखी केली आणि रिकामा कप यानपुढे सरकवला.

"खिडकीचीच घे म्हणावं. उतरताना बेटं दिसतात."