वावडीने ऐकलेल्या दोन कविता

मित्रांनो, मी एक जुनी वावडी. आता दिंद्रुडच्या वाटेवर कुंपणात उलटी पडले आहे, म्हणून तुम्ही मला ओळखणार नाही. मी म्हणजे बाभळीच्या तीन पायांचं उंच तिवईसारखं मचाण. मळलेली ज्वारी सुपात घेऊन माणूस माझ्यावर उभा राहतो आणि वाऱ्यावर उफणतो. दाणे माझ्या पायाशी पडतात, भूस उडून जातं. निजामाच्या अमलात सोळा सुग्या मी धोंडीरामाला डोक्यावर घेतलं.

त्याच्या खळ्यावर एक रीत होती. रास पडायला लागली की कुणी बोलायचं नाही. बोललं की रास तुटते, असं त्याची आई वच्छलाबाई म्हणायची. गाण्याला मात्र मुभा होती. धोंडीरामाची बायको बायनाबाई खालून मला टेकून पाट्या वर द्यायची आणि गायची. तिची ओवी माझ्या पायांतून वर चढायची. मला फार बरं वाटायचं. बाकी वर्षभर मी एकटीच असायचे.

सोळाव्या सुगीला चार दिवस वारा पडला होता. आभाळ भरून येत होतं. तेवढ्यात शाळेचे सुंदरराव मास्तर वही घेऊन आले. मुआयन्याला, म्हणजे शाळेच्या तपासणीला, साहेब येणार होते, त्यांच्यापुढे मुलांनी सुगीची कविता म्हणायची होती. मास्तरांनी स्वतः रचलेली ती कविता वाचून दाखवली.

*मंद मंद वाहे वारा, सोनियाचे खळे,*
*राशीपाशी तान्हे बाळ हासुनिया खेळे.*

"ग्वाड हाय," बायनाबाई म्हणाली. "पर मास्तर, यात कुसळ कुठंच न्हाई. तुमी कदी उफणलंय का?"

"कवितेत कुसळ कशाला, बाई?"

"मंग अंगाला खाज कशानं सुटंल?"

वच्छलाबाईसुद्धा पदराआड हसली.

तेवढ्यात वारा सुटला. धोंडीरामानं कानातोंडाला फडकं गुंडाळलं आणि तो माझ्यावर चढला. सगळे गप्प झाले. बायनाबाईनं तिची सहा महिन्यांची मैना वाऱ्याच्या वरच्या अंगाला बाभळीला झोळीत ठेवली होती. मैनाला चार दिवसांपासून खोकला होता. पाटी देतादेता बायनाबाईची मान सारखी तिकडे वळत होती.

मग वारा फिरला. भुसाचा लोट बाभळीकडे गेला. बायनाबाईनं पाटी टाकली, झोळीतून लेकीला उचलून पदराखाली घेतलं आणि माझ्यापाशी आली. लेकीच्या छातीतली घरघर मला ऐकू येत होती. ती बोलणार, एवढ्यात सासूनं ओठांवर बोट ठेवलं. वच्छलाबाई दुष्ट नव्हती. वर्षाची भाकर त्या राशीत होती, आणि तिला सुनेच्या पदराखालचं काही दिसत नव्हतं. मग बायनाबाई गायली.

*वारं सुटलं सुटलं, भूस डोळ्याशी दाटलं,*
*मैनाच्या गं गळ्यामंदी वारं आतलं आटलं.*

वर धोंडीरामाला फडक्यातून नुसती चाल पोचली. तो तालावर सूप हलवत राहिला. मास्तर लिहून घेऊ लागले. "वा," ते हळूच म्हणाले, "आतलं वारं. काय कल्पना आहे."

कल्पना नव्हती हो ती. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं. लेकीच्या छातीतली घरघर मंद होत चालली होती.

*सूप ठिवा धनी खाली, गाडी जुंपा बिगीबिगी,*
*निळं पडाय लागलं तोंड, मैना माजी न्हाई जागी.*

मास्तरांची लेखणी थांबली. त्यांनी वहीवरून मान वर केली, पण तोवर बायनाबाईनं लेकीला छातीशी धरून माझा पाय सगळ्या ताकदीनं ओढला होता. धोंडीराम भुसात कोसळला. माझा पाय काडकन मोडला.

"येड लागलं का तुला?" तो ओरडला. मग त्याला लेक दिसली.

त्यानं तोंडावरचं फडकं ओढून फेकलं. गाडी जुंपली. इसाक हकिमांचं घर दिंद्रुडला होतं. ती दोघं लेकीला घेऊन तिसऱ्या दिवशी परतली. मैना रडत होती, आणि ते रडणं ऐकून वच्छलाबाई मटकन खाली बसली. तोवर पाऊस येऊन अर्धी रास भिजली होती. कुणाला तरी दोष द्यायचा होता. "वावडीच अवलक्षणी," वच्छलाबाई म्हणाली. मी कुंपणात आले.

मुआयन्याच्या दिवशी पोरं याच वाटेनं कविता घोकत गेली. *वारं सुटलं सुटलं, सोनियाचे खळे,* आणि पुढे हसणारं बाळ. मास्तरांनी बायनाबाईची अर्धी ओळ घेतली, बाकीची सोडली. मागून बायनाबाई मैनाला कडेवर घेऊन येत होती. ती थांबली, पोरं वळणाआड होईपर्यंत ऐकत राहिली. मग मैनाच्या छातीला कान लावून पुढे गेली.

पुढच्या सुगीला नवी वावडी आली. कुंपणातून मला खळं दिसत नाही, पण आवाज येतो. रास पडत होती, सगळे गप्प होते, गाणं नव्हतं. आणि मध्येच बायनाबाई साध्या आवाजात म्हणाली, "थांबा. वारं फिरलंय. मी लेकीला आडोशाला हलवून येते."

सूप थांबलं. वच्छलाबाईनंही तिला अडवलं नाही.

तिच्या ओव्यांशिवाय मला फार एकटं वाटतं. तरी ते सूप थांबलेलं ऐकून मला बरं वाटलं. मित्रांनो, सुगीच्या कविता तुम्ही खुशाल पाठ करा. फक्त खळ्यावर कुणी गात असेल, तर चाल ऐकताना तिच्या कडेवर काय आहे, तेवढं बघत जा.