चिनी बागेच्या उंबऱ्यापाशी

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. माझी एक पायटेकणी लुळी पडली आहे आणि सध्या माझ्यावर ओले टॉवेल वाळत असतात. हसू नका. परदेश पाहून आलेली दुसरी एक तरी खुर्ची आमच्या म्हैसूरच्या गल्लीत दाखवा बघू!

माझा जन्म कोईमतूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून दुकानात आले आणि दुकानातून सुदीपनं मला त्याच्या आईसाठी घरी आणलं. भानुमतीबाईंचं घराणं रंगाऱ्यांचं. रंगाच्या घंगाळापाशी उकिडवं बसून बसून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. सुरुवातीला माझं काय कौतुक! दर रविवारी सुदीप आईला माझ्यावर बसवून बाजारात न्यायचा आणि बाई मोगऱ्याचा एक तुकडा माझ्याही हाताला बांधायच्या.

मग कंपनीनं सुदीपला चीनमध्ये पाठवलं. तिथल्या गजबजलेल्या शहरात मधोमध एक पुरातन बाग आहे, तळं आहे, वाकडातिकडा पूल आहे, असं त्यानं फोनवर सांगितलं आणि बाईंनी ध्यासच घेतला. ती बाग एकदा डोळ्यांनी बघायचीच. शेवटी तो येऊन आम्हा दोघींना घेऊन गेला.

बागेचं दार आलं आणि घोटाळा झाला. उंबरा चांगला गुडघ्याएवढा! सुदीप मला मागं कलंडवून पुढची चाकं त्यावर चढवू लागला, तशी बाईंनी चाकं घट्ट धरली. घरच्या उंबऱ्याला रोज हळदकुंकू वाहणारी बाई ती, उंबऱ्यावर चाक कसं चढू देईल? आधी वाकून नमस्कार करते, मग कुणाला तरी हात लावायला सांगून खुर्चीसकट मला उचलून ने, असं म्हणू लागल्या. मागं गर्दी तटली, लोक बघायला लागले. सुदीप ओशाळला आणि आईवर खेकसला, "इथं तरी माझी लाज काढू नकोस." त्यानं मला भिंतीच्या कडेला उभं केलं, ब्रेक लावला आणि पाच मिनिटांत येतो म्हणून एकटाच आत गेला.

तो परत आला तेव्हा सावली सरकून बाईंच्या डोक्यावर ऊन आलं होतं. त्यानं फोटो दाखवले. बाई प्रत्येक फोटोला छान म्हणाल्या.

सुदीपचं तिथलं काम संपून आम्ही म्हैसूरला परतल्यावर मात्र बाई गल्लीभर सांगत सुटल्या, बाग बघितली, पूल ओलांडला, मासे बघितले. मुलाला कुणी नावं ठेवू नयेत, एवढ्यासाठीच सगळं. सुदीप दर वेळी मान खाली घालायचा. त्याचं मन त्याला खात होतं. मला हात लावणंही त्यानं सोडलं, म्हणून तर ही टॉवेलांची चाकरी माझ्या नशिबी आली. मलाही अपराधी वाटतं हो. नेऊन नेऊन मी त्यांना दारापर्यंतच नेलं.

परवा शेजारच्या वेदवती लेकीकडे चीनला निघाल्या. बागेत आधी काय बघू, म्हणून आमच्या बाईंना विचारायला आल्या. बाई सांगू लागल्या आणि सुदीपला राहवलं नाही.

"आई आत गेलीच नाही," तो म्हणाला. "मी तिला बाहेर ठेवून गेलो होतो."

बाई हळूच म्हणाल्या, "सुम्ने, उगाच कशाला बोलतोस असं? भिंतीला जाळीची खिडकी होती की. तू पुलावर उभा होतास. एकदा तरी मागं वळून बघशील म्हणून मी तिकडंच बघत बसले होते."

सुदीप आईच्या पायाशी बसून रडला. मोठा माणूस, पण पोरासारखा रडला.

मित्रांनो, मला पुसा, चाकांना तेल घाला, हे मागणं तर आहेच. पण आणखी एक मागते. खुर्ची ढकलणाऱ्याला बसलेल्याचा चेहरा दिसत नाही. म्हणून अधूनमधून थांबा, पुढं या आणि त्या चेहऱ्याकडे बघा.